रिपोर्ट मीच दिला

चहा तुम्ही घ्या. मला नको. मला इथून वडवणीहून तेलगावपर्यंत गाडी न्यायचीय.

हसा, हसा. सगळेच हसतात. चहाला नाही म्हणायचं आणि कारण गाडीचं सांगायचं, म्हणजे माणूस चळलाच, असं वाटणारच की. पण माझ्या मूर्खपणाची ही गोष्ट तुम्ही ऐकली नाहीये, म्हणून हसताय. ऐकल्यावर जास्त हसाल, ते वेगळं.

तर मी फौजेत. आता नायब सुभेदार आहे, पण ही गोष्ट घडली तेव्हा हवालदार होतो. आणि साधा हवालदार नाही, तर युनिटचा पोलीस हवालदार. म्हणजे युनिटच्या आत कुणी गडबड केली, की त्याला सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर साहेबांसमोर उभं करायचं काम माझं. त्याला आमच्यात पेशी म्हणतात. दारात त्याची टोपी आणि पट्टा उतरवायचा, मग 'तेज चल' म्हणून त्याला कदम वाजवत आत न्यायचं, टेबलासमोर थांबवायचं आणि साहेबांनी सजा सुनावली की तसंच बाहेर काढायचं. बारा वर्षांत किती जणांच्या टोप्या उतरवल्या, मोजल्या नाहीत.

आणि फौजेत दारू पिऊन गाडी चालवणं म्हणजे काय, हे तुम्हाला इथं बसून कळायचं नाही. इथं काय होतं, पोलिसानं धरलं तर दंड भरला, कुणाला तरी फोन लावला, संपलं. आमच्यात तसं नाही. आमच्या एका ड्रायव्हरनं दोन पेग मारून जीप मेसच्या भिंतीला टेकवली. नुसती टेकवली हं, एक वीट हलली असेल. त्याला अठ्ठावीस दिवस क्वार्टर गार्डच्या कोठडीत काढावे लागले, फौजी गाडीचं लायसन गेलं, ठरलेला कोर्स गेला. आणि कागदावर लाल शाईची नोंद झाली. ही लाल नोंद वाईट. कोठडीतले दिवस सरतात, पण ती नोंद पेन्शनीपर्यंत तुमच्या आधी पोचलेली असते.

दर महिन्याला सुट्टीवर जाणाऱ्या पोरांना मी यावर लेक्चर द्यायचो. अगदी पाठ होतं. गाडी कुणाची, रस्ता कुणाचा, सुट्टी कुणाची, हे फौज विचारत नाही. गावाकडं स्वतःच्या गाडीत धरलं तरी पोलिसांचं पत्र युनिटला येतं आणि पेशी होतेच. आणि शेवटचं वाक्य मी आवाज चढवून म्हणायचो, की पोलिसांचं पत्र येण्याआधी तुमचा फोन आला पाहिजे. स्वतःहून कबूल करणाऱ्याचं साहेब ऐकून तरी घेतात, लपवणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या लक्षात राहिलं, हाच घोटाळा झाला.

त्या मे महिन्यात मी पंधरा दिवसांच्या सुट्टीवर तेलगावला आलो होतो. नायब सुभेदाराच्या यादीत माझं नाव होतं. महिना-दोन महिन्यांत खांद्यावर तारा. नावाला काही डाग लागला नाही, तर. एक लाल नोंद झाली असती तर यादीतून नाव गेलं असतं, आणि वय असं, की परत यायची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. हवालदार म्हणूनच घरी. बायकोनं, सुनंदानं, शेजारीपाजारी आधीच सांगून ठेवलं होतं, ते निराळं.

सुट्टीवर आलेल्या फौजीचं दुःख तुम्हाला ठाऊक आहेच. गावातली माणसं पाया पडायला येतात, पोरांची चौकशी करतात, आणि मग डोळे बारीक करून विचारतात, "कँटीनचं काय आणलं का न्हाई?" मी फारसा पिणारा नाही. वर्षातून दोनदा, बडाखाना, म्हणजे सगळ्या युनिटचं मोठं जेवण असलं की. तरी ट्रंकेत एक बाटली आणावीच लागते, नाहीतर नाती तुटतात.

केजला माझ्या मेहुण्याच्या, बाळूच्या मुलीचा साखरपुडा होता. बाळूनं आठवडाभर आधीच फोन करून बजावलं होतं, की दाजी, पाव्हणे लई मोठे हायेत, तुमी मोकळ्या हातानं येऊ नका. सकाळी निघायची गडबड. मी दाढी करत होतो. सुनंदाला म्हटलं, ट्रंकेतली बाटली पिशवीत टाक. ती आतून म्हणाली, "कोणती?"

आता नीट विचारलं होतं बाईनं. पण माझ्या गालाला फेस, हातात ब्लेड. मी म्हटलं, "कोणती म्हणजे काय? बाटली म्हटलं की बाटली."

तिनं टाकली.

साखरपुडा झाला. मांडवाच्या मागं कडब्याचं शेड, तिथं आम्ही पाच-सहा जण सटकलो. उन्हाचा कहर, पत्रा तापलेला, आणि जेवणाची पंगत अजून दूर. बाळूनं ग्लास आणले, कोला आणला, लिंबं कापली. मी फौजी जावई असल्यामुळं बाटली उघडायचा मान माझा. झाकण काढलं तसा वास सुटला, तो बरोबर होता. रंगही बरोबर होता. पहिला घोट घेऊन बाळू डोळे मिटून म्हणाला, "दाजी, मिल्ट्रीचा माल म्हंजी माल. गळ्यातून जाळ उतरतोय बघा."

मला जरा आंबूस लागली. पण एवढी माणसं वाहवा करतायत म्हटल्यावर आपल्या जिभेचा दोष असणार. दुसऱ्या ग्लासाला बाळूचा चुलता गाऊ लागला. तिसऱ्याला नवऱ्या मुलाचा मामा रडायला लागला. वीस वर्षांपूर्वी भावाशी बोलणं टाकलं होतं म्हणे, ते त्याला तिथं आठवलं. आम्ही त्याला धरून बसवलं, त्यानं तिथूनच भावाला फोन लावला आणि दोघं फोनवर रडले. मलाही डोकं जड झालं, कान तापले, जीभ जाड झाल्यासारखी वाटायला लागली. वर्षातून दोनदा पिणाऱ्याला तीन ग्लास म्हणजे डोक्यावरून पाणी, असा माझा हिशेब.

मग तिथं थांबायचं होतं. जेवून, झोपून, उन्हं उतरल्यावर निघायचं होतं. बाळू म्हणतही होता. पण तुम्हाला खरं सांगतो, त्याच्या पाव्हण्यांसमोर मला सांगवेना, की मला चढलीय. फौजी माणूस, आणि तीन ग्लासांत आडवा? मी म्हटलं, आम्ही यापेक्षा जास्त घेऊन डोंगर चढतो. बडीशेप तोंडात टाकली, सुनंदाला हाक मारली आणि स्टेअरिंगवर बसलो. लेक्चर देणारा माणूस हा.

केज ते धारूर मी गाडी कशी चालवली, ते मला विचारा. वेग तीसचा. दोन्ही हात स्टेअरिंगला घट्ट. लांब शेतात म्हैस दिसली तरी इकडं ब्रेक. मागून बैलगाडी साइड मागते की काय, असं वाटायला लागलं. शेवटी सुनंदा म्हणाली, "आज लई सावकाश चालवायलेत तुमी. बरं वाटंना का?"

तिला वास कसा आला नाही, याचं मला नवल वाटलं. पण मी म्हटलं, बडीशेपेची कमाल.

धारूर ओलांडलं. आता पुढं घाट, आणि घाट उतरला की तेलगाव. घाटाच्या तोंडाशी बघतो तर गाड्यांची रांग लागलेली, आणि रांगेच्या टोकाला खाकी कपडे. एक पोलीस हवालदार शिट्टी वाजवत एकेका गाडीजवळ वाकून बोलतोय. झालं. माझ्या डोळ्यांसमोर ते फुंकायचं मशीनच आलं. मशीन, मग पंचनामा, मग युनिटला पत्र, मग लाल शाई, मग खांद्यावरचा तारा गेला. हे सगळं एका मिनिटात. आणि त्याच्या मागोमाग माझाच आवाज कानात, की पोलिसांचं पत्र येण्याआधी तुमचा फोन आला पाहिजे.

माझ्यापुढं अकरा गाड्या होत्या. म्हणजे वेळ होता. मी मोबाइल काढला आणि युनिटच्या सुभेदार मेजर साहेबांना फोन लावला. साहेब साताऱ्याकडचे, फार मोजून बोलणारे. मी गाडीत बसल्या बसल्या ताठ झालो आणि म्हटलं, "साहेब, हवालदार बोलतोय, सुट्टीवरून. दारू पिऊन गाडी चालवताना पोलिसांनी पकडलंय."

अजून पकडलं नव्हतं हं. पण रिपोर्ट द्यायचा तर पूर्ण द्यावा.

शेजारी सुनंदाचं तोंड उघडं राहिलं. फोनवर साहेबांनी विचारलं, किती घेतली. तीन ग्लास म्हटलं. गाडीत कोण आहे, विचारलं. बायको म्हटलं. तेव्हा साहेबांचा आवाज बदलला. म्हणाले, "गाडी बाजूला लाव. किल्ली बायकोच्या हातात दे. जागचा हलू नकोस. मी ॲडज्युटंट साहेबांना कळवतो."

ॲडज्युटंट म्हणजे सीओंचं सगळं कागदपत्र बघणारा अफसर, त्यांना कळवलं की कागद झाला. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

मी गाडी बाजूला घेतली आणि किल्ली सुनंदाला दिली. तिनं ती काही न बोलता पदराच्या टोकाला बांधली. बाई रागावली की बोलत नाही. मला वाटलं, आता ओरडेल तर बरं. म्हटलं, सुनंदा, चूक झाली. तिनं काचेतून बाहेर बघितलं. त्या घाटात मी तिला घेऊन उतरणार होतो, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं. तोवर सगळा विचार ताऱ्याचाच चालला होता. मला फार वाईट वाटलं.

मग काय, रांगेच्या कडेनं चालत गेलो, पोलीस हवालदारासमोर सावधान उभा राहिलो आणि नाव, हुद्दा सांगून कबुली दिली.

तो घामानं निथळत होता. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "मग मी काय करू?"

मी म्हटलं, तपासणी करा.

"कशाची तपासणी? घाटात कडब्याचा ट्रक आडवा झालाय. गाड्या एका बाजूनं सोडायलोय मी. तुमाला कुणी इचारलं का?"

कुणी विचारलं नव्हतं, हे खरं. तपासणी नव्हतीच! पण आता माघार कशी घेणार? तिकडं साहेबांनी कागद केलेला. पोलिसांनी पकडलं असं मी सांगितलेलं. पोलीस पकडायला तयार नाही म्हटल्यावर मी खोटा रिपोर्ट दिला, हा आणखी एक गुन्हा. मी त्याच्या मागंच लागलो. तो पुढच्या गाडीकडं गेला की मीही पुढं. शेवटी वैतागून त्यानं जीपमधून मशीन आणलं आणि म्हणाला, फुंका एकदाचे.

मी फुंकलं. शून्य.

त्यानं मशीन हलवलं, परत फुंकायला लावलं. शून्य. तिसऱ्यांदा मी छाती भरून असं फुंकलं, की मागच्या टेम्पोवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं. शून्यच.

मी म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय. तो म्हणाला, कालच आलंय नवीन. मी म्हटलं, मग दुसऱ्या कुणावर तरी चालवून बघा. त्याला ते पटलं. समोर तोच टेम्पोवाला डोकं बाहेर काढून बसला होता, त्याच्या तोंडाशी मशीन धरलं. बिचाऱ्यानं सहज फुंकलं, आणि मशीन बोंबलायला लागलं. मशीन ठणठणीत होतं. टेम्पोवाला माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होता, ती मी अजून विसरलो नाही. पण तो प्यालेला होता, आणि घाटात उतरणार होता. त्याची माफी मागायची की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

त्याची चावी खिशात टाकून पोलीस माझ्याकडं वळला. "काय पेलतं तुमी? ती बाटली दावा बरं."

पिशवीत तळाला चार बोटं उरली होती. त्यानं बाटली हुंगली, बोटावर थेंब घेऊन चाखला, आणि मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, जणू घरातली वाईट बातमी सांगतोय, "दादा, च्या हाय ह्यो."

मी बाटली हातात घेऊन उलटी केली. बुडाशी पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा.

आता हा पट्टा काय, ते सांगतो. फौजेत ज्या रायफली गोळी झाडायच्या कामाच्या राहत नाहीत, त्या नुसत्या कवायतीला वापरतात. दिसायला अगदी खऱ्यासारख्या, म्हणून चूक होऊ नये यासाठी त्यांच्यावर पांढरा पट्टा मारतात. आणि साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, 'कँटीनचं काय आणलं' विचारणाऱ्यांना कंटाळून, मी स्वतः, या माझ्या हातांनी, एका रिकाम्या बाटलीत कोरा चहा भरला होता. रंगाला गूळ. वासाला खऱ्या रमची दोन झाकणं. आणि माझी मला ओळखू यावी म्हणून, दाराला लावून उरलेल्या पेंटचा पट्टा बुडाशी ओढला होता. फुकट्यांसाठी कवायतीची बाटली. खरी बाटली ट्रंकेत तिच्या शेजारी, बिनपट्ट्याची.

एका रात्रीत विसरलो. एवढा हुशार मी.

सुनंदा मागं येऊन उभी होती. किल्ली घेतल्यापासून ती पहिल्यांदा बोलली. "मी इचारलं व्हतं, कोणती म्हून."

मी सुभेदार मेजर साहेबांना परत फोन लावला. म्हटलं, साहेब, दारू नव्हती, चहा होता. चहानंच चढल्यासारखं झालं होतं. साहेब शांतपणे म्हणाले, "आता तू फारच प्यालेला वाटतोस. झोप. उद्या बोलू."

निदान कागद तरी हवा म्हणून मी पोलिसाच्या हातापाया पडलो. तो लिहायला तयार होईना. अशी नोंद कधी केलीच न्हाई, म्हणाला. अखेर माझ्या तोंडाकडं बघून त्याला कीव आली. त्यानं जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, शिक्का नंतर मारून दिला. तो कागद माझ्याकडं आहे. 'सदर इसमाची तपासणी केली असता तो दारू प्यालेला नसून, तसा त्याचा समज आहे.'

सुट्टी संपवून हजर झालो, आणि तिसऱ्या दिवशी पेशी. कागद झालेला, त्यामुळं साहेबांसमोर जाणं भागच होतं. माझ्या हाताखालचा नायक, मीच शिकवलेला, दारात उभा. मी नजरेनं म्हणत होतो, हळू रे बाबा. त्यानं जोरात हुकूम दिला, टोपी-पट्टा उतार. चांगला शिकवला होता मी.

सीओ साहेबांनी दोन्ही कागद वाचले. पोलिसाचा कागद दोनदा वाचला. तोंडावरची रेघ हलली नाही. मग मला विचारलं, म्हणजे तू दारू प्यालाच नव्हतास? मी म्हटलं, नाही साहेब. मला हायसं वाटलं होतं. वाटलं, सुटलो.

साहेब म्हणाले, "गाडीत बसलास तेव्हा तुला काय वाटत होतं? प्यालोय, की नाही?"

मी म्हटलं, "प्यालोय वाटत होतं, साहेब."

"तरी बसलास?"

"हो साहेब."

"बायको शेजारी?"

"हो साहेब."

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. इतक्या जणांना मी त्या टेबलासमोर उभं केलं, पण तिथून साहेबांचं टेबल एवढं मोठं दिसतं, हे ठाऊक नव्हतं. मान खाली घालायची सोय नसते, सावधान उभं राहायचं असतं. मला वाटलं, त्यापेक्षा अठ्ठावीस दिवस दिले असते तर बरं.

साहेब म्हणाले, चहा पिण्यावर माझ्याकडं कलम नाही, त्यामुळं लाल नोंद होणार नाही. पण तुझं लेक्चर चालू राहील, दर महिन्याला. फक्त आता त्यात नियम नंतर सांगायचे. आधी ही गोष्ट सांगायची, सगळी, मामाच्या रडण्यासकट. आणि ती बाटली टेबलावर ठेवायची.

ती बाटली अजून तिथं आहे. नवीन पोरं तिला सलाम करतात.

दोन महिन्यांनी तारा मिळाला. त्या दुपारी बडाखान्यात सुभेदार मेजर साहेबांनी स्वतः माझ्या हातात ग्लास दिला. रंग ओळखीचा. मी ग्लास वर उचलून बुड पाहिलं, तर पांढरा पट्टा. सगळी मेस बघत होती. मी सावधान उभा राहून एका दमात संपवला. साहेबांनी विचारलं, कसा आहे? मी म्हटलं, गूळ कमी पडलाय, साहेब. मग मोटरसायकल तिथंच ठेवली आणि क्वार्टरपर्यंत दोन किलोमीटर चालत गेलो. कुणी सांगितलं नव्हतं.

आणि बाळू? त्याला सगळं सांगितलं. तो अजून मानायला तयार नाही. मागच्या आठवड्यात फोन आला होता, "दाजी, येताना तीच आणा. तिच्यासारखी चढत न्हाई कोणती."

काय म्हणता, वहिनींनी टाकलासुद्धा चहा? बरं, एवढा आग्रहच आहे तर घेतो अर्धा कप.

पण ही घ्या किल्ली. तेलगावपर्यंत गाडी तुम्ही चालवा.